सुमनच्या उशाखालचा विळा

शेवगाव, गुरुवार, मार्च १९७३

सुमनच्या उशाखालचा विळा आज मी पिशवीत घालून घरी आणला. चोरी म्हणतील. म्हणू देत.

तिला बाळंत होऊन बारा दिवस झाले. नीट जेवत नाही, बाळाकडं बघत नाही, सारखी रडते. मी गावची नर्स. ताप पाहिला, नाडी पाहिली, सगळं ठीक. निघाले तशी तिनं हात धरला. "बाई, तेवढा विळा न्या. माझी नजर सारखी त्याच्यावरच जाती."

परवाही तो तिथंच होता. मला काहीच कसं वाटलं नाही?

सासू आडवी आली. "उशाचं लोखंड काढलं तर बाधा व्हईल लेकराला!"

"झाली तर माझं नाव सांगा."

दवाखान्यात सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही ताप बघा, घरच्या भानगडीत पडू नका." ताप नव्हताच ना! रजिस्टरात रडण्याला रकाना नाही. शेऱ्यात लिहिलंच मी: जिवाला धोका, रोज भेट.

विळ्याला धार नवी आहे. उद्या सासू तो परत मागेल. बाळंतिणीकडं रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणतात. मी रोज जाईन, तासभर बसेन, आणि रिकाम्या हातानंच जाईन.