गुरुवारचं मौन

कोराडी वसाहत,
ता. १२-११-७८

ती. सौ. ताईस,
मधूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. भाऊजींचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. इथे थंडी सुरू झाली आहे, पण धुकं कोणतं आणि विजेच्या कारखान्याची राख कोणती ते ओळखू येत नाही. पांढरा शर्ट दोन धुण्यांत करडा होतो.

आता मुख्य गोष्ट. परवाच्या गुरुवारी आम्ही रामटेकला मुलगी पाहून आलो. वामनदादाने नेमका गुरुवारच का धरला हे मला बसमध्ये बसेपर्यंत माहीत नव्हतं. मनसर गेल्यावर त्याने कानात सांगितलं की तिथे तोंड उघडू नको, मी बघतो. आणि त्यांच्या दारात पाय ठेवल्या ठेवल्या त्याने जाहीर करून टाकलं की आमचा मधुसूदन दर गुरुवारी दत्ताचं मौन पाळतो, सहा वर्षं झाली, एकदाही मोडलं नाही. ताई, मी एकतीस वर्षांचा घोडा हात जोडून बसून राहिलो.

मुलीचे वडील बाळकृष्णपंत भाके हे निवृत्त हेडमास्तर. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले आहेत. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाले की तुमचा आवाज ऐकायला मिळाला असता तर बरं झालं असतं, पण व्रत मोडू नका. त्यांच्या बहीण यमुताई तर आमच्याबरोबर आलेल्या प्रेमिलावहिनीजवळ म्हणाल्या की असा पोरगा आजकाल मिळते कुठं वं, आमच्या पुष्पीले देवच पावला.

मुलीचं नाव पुष्पलता. ती रोज सकाळी वडिलांना पेपर वाचून दाखवते. तिने मला एकच विचारलं, की तुम्ही कोणता पेपर वाचता. दादाने उत्तर दिलं आणि तेही चुकीचं दिलं. ती मला आवडली, हे तुला लिहितानासुद्धा कान गरम होतात.

काल त्यांचा होकार आला. दादाच्या घरी पेढे वाटले. माझ्या घशाखाली उतरले नाहीत. पत्रात मी कसा घडाघडा बोलतो बघ, आणि तोंडाने स्वतःचं नाव सांगायला गेलो तर म वरच ओठ मिटून बसतात. हे त्यांना सांगायला नको का? तू सांगशील तसं करीन.

मुलांना पापे. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा
मधू


वर्धा,
ता. १८-११-७८

चि. मधूस,
ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

अरे वेड्या, होकार आला आणि तू सुतकात बसल्यासारखा काय लिहितोस! पत्र वाचून मी देवापुढे साखर ठेवली. याआधी पाच ठिकाणी नकार आले ते विसरलास का? त्या काटोलच्या लोकांनी तर तू बोलत असताना तोंडाला पदर लावला होता. दादाने केलं ते बरोबर की चूक हे मला कळत नाही. पण त्याने केलं नसतं तर तू जन्मभर डबा बांधून एकटाच राहिला असतास.

लहानपणी मास्तरांनी कविता म्हणायला उभं केलं की मीच वर्गाच्या दारातून ओरडायची, की मधूचा घसा बसला आहे. दादा तेव्हा माझ्याकडूनच शिकला. तेव्हा तुला राग नाही आला. आता काहून येतो?

दादाने गुरुजींच्या मागे लागून ८ फेब्रुवारीचा मुहूर्त काढला आहे. तो गुरुवारच आहे. म्हणजे घास भरवताना नाव घ्यायचा प्रश्नच उरला नाही. बायका कितीही मागे लागल्या तरी व्रत म्हणजे व्रत. नंतर मुलगी घरात आली की तिला हळूहळू कळेल. बायकांना काय काय कळतं आणि त्या काय काय गिळतात हे तुला मी सांगायला नको.

तेव्हा अडीच-तीन महिने गप्प बस. माझ्या गळ्याची शपथ. आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं.

तब्येतीला जप, आणि या म्हातारीची आठवण ठेवत जा.

तुझी
ताई


कोराडी वसाहत,
ता. ३-१२-७८

ती. सौ. ताईस,
मधूचा सा. न. वि. वि.

तुझी शपथ मोडणार आहे. आधीच माफी मागतो.

प्रेमिलावहिनीने त्या मौनाची कहाणी कोणाला तरी सांगितली आणि ती आमच्या वसाहतीत पोचली, तेव्हापासून गुरुवारी मलाही गप्पच बसावं लागतं. गेल्या गुरुवारी शेजारच्या फिटरच्या आईने माझ्यापुढे नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला. आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये जे लोक मला हकला बाबू म्हणतात, माझ्या अडखळण्याची नक्कल करून चहा पितात, ते त्या दिवशी माझ्यासमोर विडी विझवतात. आठवड्याचे सहा दिवस मी हकला आणि सातव्या दिवशी महाराज! जन्मात पहिल्यांदा मान मिळाला, तो तोंड बंद ठेवण्याचा. ताई, मला त्या नारळाची इतकी लाज वाटली की मी तो फोडलाही नाही.

कोळसा फोडायच्या यंत्रापाशी एवढा आवाज असतो की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे जाऊन पुष्पलता, पुष्पलता म्हणत उभा राहतो. तिथे माझी जीभ एकदाही अडत नाही. यंत्र थांबलं की पुन्हा प वर गाडी उभी. म्हणजे मी नीट बोलू शकतो, पण कोणाला ऐकू येणार नाही अशाच ठिकाणी.

मला त्या मास्तरांचा हात आठवतो. ज्याला दिसत नाही त्या माणसापुढे मी गप्प बसलो. दुसऱ्या कोणापुढे बसलो असतो तर एवढं खुपलं नसतं. मी येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी, १२ तारखेला, सुट्टी काढून एकटाच रामटेकला जाणार आहे. दादाला सांगितलेलं नाही. काय होईल ते मला दिसतं आहे. तरी जातो.

रागावलीस तरी तोडू नको.

तुझा
मधू


रामटेक,
ता. १४-१२-७८

श्री. मधुसूदनराव यांस,
बाळकृष्ण भाके याचा स. न. वि. वि.

आपण मंगळवारी येऊन गेलात. जे सांगितलंत ते सांगायला आपल्याला बराच वेळ लागला आणि फार कष्ट पडले, हे मी ऐकलं. मी तेहतीस वर्षं मास्तरकी केली. अडखळणारी पुष्कळ मुलं माझ्या हाताखालून गेली. त्यांतला एक आज वकिली करतो. बोलणं अडतं म्हणून मी आपल्याला नकार दिला नसता.

परंतु माझ्या डोळ्यांना दिसत नाही, आणि आपल्या घरच्यांनी मला ऐकूही दिलं नाही. मग त्या गुरुवारी मी जावई म्हणून पसंत केलं तरी कोणाला? देवाच्या नावाने खोटं बोलणाऱ्या घरात मुलगी द्यायला मन धजत नाही. आपण खरं सांगायला आलात याबद्दल आपल्याविषयी आदर वाटतो, पण मुलीला घरात राहायचं असतं. आमच्या यमुताईंनी दोन दिवस अन्न घेतलेलं नाही.

साखरपुड्याचा विचार आम्ही सोडला आहे. आपल्याला योग्य स्थळ मिळो. मनात किल्मिष ठेवू नये.

आपला
बाळकृष्ण भाके

ता. क. हे पत्र बाबांनी सांगितलं तसं मी लिहून घेतलं. एवढं मात्र त्यांना वाचून दाखवणार नाही. मंगळवारी तुम्ही बोललात ते मला सगळं समजलं. एकही शब्द परत विचारावा लागला नाही. – पु.


महाल, नागपूर,
ता. २०-१२-७८

चि. मधुसूदनास,
आशीर्वाद.

भाक्यांचं पत्र मलाही आलं. वाचून वहिनी रडली. मी ऑफिसात दोन दिवस मान वर केली नाही, कारण लग्नाची रजा मांडून ठेवली होती.

तू चार वर्षांचा असल्यापासून मी तुझ्यासाठी बोलत आलो आहे. शाळेत, रेशनच्या दुकानात, नोकरीच्या मुलाखतीला साहेबाच्या घरी जाऊन. कधी वाटलं नाही की हे ओझं आहे. तुला मात्र तो अपमान वाटत होता, हे मला परक्या माणसाच्या पत्रातून कळावं? खोटं बोललो ते तुझ्यासाठीच बोललो. माझ्यासाठी एकदाही बोललो नाही.

आता तूच बोल. काय बोलायचं ते बोल, आणि कोणी ऐकणारा भेटतो का तेही पाहा.

वामन


वर्धा,
ता. ९-१-७९

चि. मधूस,
ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पंधरा दिवस तुझ्यावर इतकी रागावले होते की कार्डही लिहिलं नाही. मग दादाचं पत्र आलं. तू त्याला पत्र पाठवलंस म्हणे, माफीचंच असणार, आणि त्याने ते न फोडता ट्रंकेत ठेवलं. तुम्ही दोघं भाऊ सारखेच.

काल आमच्या धाकट्याला मास्तरांनी उभं केलं आणि त्याला पाढा येईना. तो घरी येऊन म्हणतो, की आई उद्या तू येऊन सांग ना माझा घसा बसला आहे. मी हातातली कणीक तशीच टाकून रडायला बसले. ते खोटं दादाचं नव्हतं रे, मूळचं माझं होतं. मला वाटायचं मी तुला वाचवते आहे. तुला बोलायला वेळ लागतो, तेवढा थांबायचा धीर आमच्यापैकी कोणालाच नव्हता, आणि मी त्याला माया म्हणत राहिले.

झालं ते आता परत येत नाही. पण मी स्थळ पाहणं सोडणार नाही. यांच्या ओळखीचं गांधीबागेतलं कापडवाल्यांचं एक घर आहे. त्यांना मी आधीच खरं काय ते लिहिलं आहे, काही झाकलं नाही. लग्नसराई संपत आली की येतो म्हणाले आहेत. दादालाही बसायला बोलावते. नाही म्हणू नको.

जेवत जा वेळेवर. माझ्यावरचा राग पचला की उत्तर पाठव.

तुझी
ताई


कोराडी वसाहत,
ता. १३-५-७९

ती. सौ. ताईस,
मधूचा सा. न. वि. वि.

ऊन मरणाचं आहे. पत्र्यावर पापड भाजतील. रामटेकहून लग्नपत्रिका आली. पुष्पलता भंडाऱ्याला दिली. जावई तहसिलीत आहे, पहिली बायको गेलेली, दोन मुलं आहेत. पाकिटावरचं अक्षर तिचंच होतं. मी पत्रिका स्टोअरच्या वहीत ठेवली आहे. तिला पत्र लिहावं असं फार वाटतं. पण लिहिणार नाही, पत्रात मी फारच चांगला बोलतो.

गुरुवारी गांधीबागेची मंडळी आली, मुलीचे काका आणि आणखी एक जण. दादा सकाळच्या बसने आला होता. पाच महिन्यांनी आला आणि माझ्याशी फक्त पाण्याबद्दल बोलला, की गार नाही.

काकांनी विचारलं, आपलं नाव काय. दादाने सवयीने तोंड उघडलं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणायला सुरुवात केली. ताई, तू म्हणशील खरं काय ते आधीच कळवलं होतं. कळवलं होतं, पण वाचणं वेगळं आणि समोर बसून ऐकणं वेगळं. ओठ मिटले ते मिटले. मान वाकडी झाली, डोळे फिरले, मला सगळं कळत होतं. जन्मात पहिल्यांदाच मी हसून विषय सोडला नाही, की पाणी प्यायला उठलो नाही. काकांनी घड्याळ पाहिलं. दुसरा माणूस म्हणाला, राहू द्या हो, आम्हांले माहीत आहे नाव. मी हाताने थांबा म्हटलं. ते म्हणाले बस चुकेल. उठले, चपला घातल्या, दादाला नमस्कार केला. मी उभा राहून सांगतच होतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण केलं तेव्हा ते फाटक ओलांडून रस्त्याला लागले होते.

नकाराचं पत्र येईल तुला. वाईट वाटून घेऊ नको, आणि आता स्थळं पाहू नको. थांबणारं एक माणूस भेटलं होतं, ते गेलं. दुसरं भेटेल असं मला वाटत नाही. हे मी रडत लिहीत नाही. स्टोअरमध्ये अजून मला हकला बाबूच म्हणतात. पण टेलिफोन वाजला की मी आता दुसऱ्याला हाक मारत नाही, स्वतः उचलतो. पलीकडचे बहुतेक वेळा ठेवून देतात.

ते लोक गेल्यावर दादा खुर्चीवर बसूनच होता. मला वाटलं आता चिडेल, किंवा समजूत घालेल. मी चहा ठेवला. त्याला साखर किती घालू हे विचारायला मला वेळ लागला, तर तो माझ्याकडे बघत बसून राहिला, आणि मी वाक्य पुरं करेपर्यंत त्याने उत्तर दिलं नाही.

मुलांना आशीर्वाद. धाकट्याला पाढा येत नसेल तर येत नाही म्हणू दे. असू दे तुझी माया, मला आता तेवढीच आहे.

तुझा
मधुसूदन