एक कामगार, एक मुलगा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त, अविवाहित (आणि त्याबद्दल कोणीही हळहळू नये), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न आजवर बऱ्याच जणांनी केला. त्यातले बहुतेक माझ्याआधी गेले. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आज वार कोणता असे विचारले. मी सांगितला, आणि दाखल्यावर त्यांनी घातलेली तारीख चुकली आहे हेही सांगितले. तिथली खाडाखोड त्यांची आहे, माझी नव्हे.

याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दुसऱ्यात मी माझ्या भाचीला काहीही ठेवले नव्हते. भाची म्हणजे माझ्या भावाची एकुलती एक मुलगी, जी शाळेत शिकवते. ते मी रागाच्या भरात लिहिले होते. राग कशाचा, ते कलम चारमध्ये येईल.

कलम एक. माझी कंपासपेटी, टी-स्क्वेअर, दोन्ही गुण्ये आणि उताराचे लाकडी टेबल हे सर्व, ऑफिसात माझ्या खुर्चीवर सध्या जी मुलगी बसते तिला द्यावे. तिच्याही नेमणूकपत्रावर अजून ‘ड्राफ्ट्समन’ असेच छापून येते, असे कळते. मी तेहतीस वर्षे कागदोपत्री पुरुष होते. तिने तरी अर्ज करून ते बदलून घ्यावे. माझ्या पुलाच्या नकाशावर स्वतःची सही ठोकणाऱ्या साहेबांना काहीही नाही. ते वारले आहेत हे मला ठाऊक आहे. तरीही नोंद असावी.

कलम दोन. रेडिओ आणि पुस्तकांचे कपाट खालच्या औषध दुकानाच्या मालकांना. रेडिओ थोपटल्याशिवाय लागत नाही. डाव्या बाजूने थोपटावा.

कलम तीन. बँकेतली ठेव माझ्या धाकट्या भावाच्या शुश्रूषा केंद्राच्या खर्चाला लावावी. त्याची स्मृती गेली दोन वर्षे झपाट्याने जात आहे. तिथे त्याची खोली खिडकीची आहे आणि ती खिडकीचीच राहावी.

कलम चार. या कलमात स्थावर किंवा जंगम असे काही नाही. एक सामना आहे.

आमचे बाबा रेल्वेच्या कारखान्यात लेथवर होते. कारखान्याचा स्वतःचा फुटबॉल संघ होता, आणि त्या वर्षी शेवटचा सामना गोदीवाल्यांशी होता. कामगारांना पास वाटले गेले. पासवर छापले होते : ‘एक कामगार, एक मुलगा’. मुलगी कोणाच्या डोक्यातही आली नव्हती. मी दहा वर्षांची होते. भाऊ आठ वर्षांचा. त्याला सगळे छोट्या म्हणत. सामन्याच्या तीन दिवस आधी छोट्याला गोवर निघाला.

बाबा पास हातात धरून बसून राहिले. आई म्हणाली, “फुकट घालवण्यापेक्षा हिला न्या.”

“मुलगा लिहिलंय त्यावर.”

“मग हिला चड्डी घाला. कोण बघतंय!”

छोट्याची चड्डी मला आखूड झाली आणि बाबांची टोपी मोठी. दोन्ही वेण्या टोपीत कोंबल्या. वाटेत बाबा एवढेच म्हणाले, “तोंड उघडू नकोस.” मैदानाच्या दारात त्यांचा फोरमन भेटला. “हाच का तुझा पोरगा?” बाबा म्हणाले, “हो. छोट्या.” आणि पुढे मला दिसेना म्हणून त्यांनी मला खांद्यावर घेतले.

तेवढे हिरवे मी एका जागी कधी पाहिले नव्हते. पुढे नोकरीत मी मैदानांचे नकाशे काढले, मोजमापासकट. तेवढे मोठे एकही भरले नाही.

आमचा गोलकीपर ताडमाड उंच होता, त्याला शिडी म्हणत. एक गोल आम्ही पुढे होतो. अगदी शेवटी गोदीवाल्यांना पेनल्टी मिळाली. शिडी उजवीकडे आडवा पडला आणि चेंडू त्याच्या पोटाखाली गेला. तो उठेना. चेंडू रेषेच्या अलीकडे की पलीकडे, कोणालाच कळेना. एवढी हजारो माणसे, पण एकही खोकले नाही. मग शिडीने पडल्या पडल्या एक हात लांब केला आणि चेंडू वर धरला. मी ओरडले. टोपी पडली असती, ती मी दोन्ही हातांनी धरून ओरडले. बाबांनी खालून माझे पाय घट्ट धरले होते. 

पुढच्याच आठवड्यात आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ‘माझा आनंदाचा दिवस’ असा निबंध आला. मी सामना लिहिला. माझ्याच वर्गात फोरमनची मुलगी होती. ती उभी राहून म्हणाली, “मदर, ही खोटं लिहितेय. हिच्या वडिलांनी मुलाला आणलं होतं, माझ्या वडिलांनी स्वतः पाहिलंय.” मदरनी बाबांना बोलावून घेतले. बाबा कामाच्या कपड्यांतच आले. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “ती घरीच होती, मदर. मुलगा आला होता. हिला गोष्टी रचायची सवय आहे.”

‘मी खोटे बोलणार नाही’ असे मी शंभर वेळा लिहिले. माझ्या वळणदार अक्षराचे पुढे ऑफिसात सगळे कौतुक करीत. ते तिथे घडले. मुलाच्या पासावर मुलगी नेली हे फोरमनला कळले असते तर बाबांच्या नोकरीवर आले असते, हे मला तिशीत समजले. समजले, पटले नाही. पुढच्या वर्षीपासून बाबा छोट्याला नेऊ लागले. मला कोणी विचारले नाही, आणि मीही विचारले नाही. स्वतःच्या पगारातून तिकीट काढून मी नंतर कितीतरी सामने पाहिले. पहिला मात्र एकच असतो.

गेल्या वर्षी कारखान्याच्या फुटबॉल क्लबने पंच्याहत्तरीची पुस्तिका काढली : जुन्या प्रेक्षकांच्या पहिल्या सामन्याच्या आठवणी. भाचीचा फोन आला.

“आत्या, पप्पांचा फोटो छापून आलाय! शिडीचा सामना. मीच लिहून पाठवला होता, ते नेहमी सांगायचे तसा.”

“त्याचा पहिला सामना त्याच्या पुढच्या वर्षीचा. तीन-शून्य हरलो होतो.”

“जाऊ दे ना गं. साठ वर्षं झाली.”

“सहासष्ट. आणि खांद्यावर मी होते.”

“बरं, तू होतीस,” ती म्हणाली. माझ्या वयाच्या बाईला म्हणतात तसे.

मी पुस्तिकेच्या संपादकांना चार पत्रे लिहिली. त्यांचे उत्तर आले की आपल्या बंधूंच्या आठवणीला त्या काळच्या तिघा कामगारांनी दुजोरा दिला आहे. देणारच. त्यांनी मुलगाच पाहिला होता. त्या संध्याकाळी मी दुसरे मृत्युपत्र लिहिले, आणि लगेचच्या रविवारी चार वाजता पुस्तिका पिशवीत घालून छोट्याकडे गेले. त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे, नर्सला साक्षीला बसवायचे, असा बेत होता. असा बेत करणारी बाई चांगली नव्हे, हे मी लिहून देते.

त्याने मला ओळखले नाही. म्हणाला, “नवीन आलात का मावशी? बसा. तुम्हाला फुटबॉल कळतो?”

“थोडाफार.”

मग त्याने सामना सांगितला. पास, टोपी, फोरमन, खांदा. शिडी पडला तिथे म्हणाला, “कोंबडी अंड्यावर बसते ना, तसा बसला चेंडूवर.” ते वाक्य माझे होते. दहाव्या वर्षी केलेले.

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. ती चारही पत्रांत मी लिहिलेली नाही. गोवराच्या दिवसांत छोट्याला अंधाऱ्या खोलीत ठेवले होते. सामना हुकला म्हणून तो जेवत नव्हता, रडून रडून डोळे सुजवून घेत होता. मी त्याच्या उशाशी बसून त्याला सामना सांगे. पहिल्या दिवशी मी माझा सांगितला, तर तो जास्तच रडला. दुसऱ्या दिवसापासून मी त्यालाच खांद्यावर बसवले. “मग तुला बाबांनी उचललं, छोट्या. मग तू टोपी धरलीस.” एक घास, एक वाक्य. नऊ दिवस. त्याने माझे काही चोरले नाही. मीच भरवले होते.

तर तो सांगत होता, आणि शिडी पडला, आणि छोट्या थांबला. पुढचे त्याला आठवेना. तोंड उघडे राहिले. चादर मुठीत धरली. “पडला,” म्हणाला. “मग? पडला... पडूनच राहिला का हो मावशी?” आणि गोवरात रडायचा तसाच, आवाज न करता, रडू लागला.

मी म्हटले, “नाही रे. त्याने एक हात लांब केला आणि चेंडू वर धरला.”

त्याचा सगळा चेहरा उघडला. त्याने माझ्याकडे नीट पाहिले, आणि मग विचारले, “तुम्ही होतात का तिथे?”

हा प्रश्न मला कोणीतरी विचारावा म्हणून मी सहासष्ट वर्षे थांबले होते.

मी म्हटले, “नाही. मी ऐकलंय फक्त.”

“मी होतो,” छोट्या म्हणाला. “बाबांच्या खांद्यावर.”

कलम पाच. माझे राहते घर, तिसरा मजला, दोन खोल्या, भाचीच्या नावे करीत आहे. अट एकच. तिने दर रविवारी चार वाजता छोट्यापाशी बसावे आणि त्याच्याकडून सामना ऐकावा. पोरी, तुझ्या गावाहून बसने दोन तास लागतात, तपासायच्या वह्या असतात, मला माहीत आहे. वह्या घेऊन ये. तुझ्या पप्पांचा सामना गळत चालला आहे. आधी फोरमन गेला, मग टोपी. मागच्या रविवारी गोदीवाल्यांचे नाव येईना. जे गळेल ते हळूच हातात द्यावे, शिकवल्यासारखे नको. तू शिक्षिका आहेस म्हणून मुद्दाम लिहिते. संपूर्ण सामना क्रमवार लिहून सोबत जोडला आहे. तो पाठ कर. एक दिवस तो पहिल्या वाक्यापाशीच अडेल, त्या दिवसापासून तू सांगायचा आणि त्याने ऐकायचा. खांद्यावर कोण होते असे त्याने विचारले तर “तुम्ही, पप्पा” असे सांगावे. विचार न करता, लगेच सांगावे. उशीर झालेला त्याला कळतो.

छोट्या माझ्याआधी गेला तर ही अट आपोआप संपेल, आणि घर तरीही तिचेच राहील. मग रविवारी चार वाजता मी काय करावे, याचा सल्ला मला कोणी देऊ नये.

कलम सहा. पुस्तिकेच्या संपादकांना पाठवलेली चारही पत्रे मी याद्वारे मागे घेत आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू नये. आम्ही दोघेही गेल्यावरही करू नये. हा सामना माझ्या भावाने पाहिला.

हे मृत्युपत्र मी दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवले. कलम चारच्या वेळी एकाने चष्मा पुसला. त्याचा मजकुराशी संबंध नाही, काच खरेच मळली होती.

(सही)

साक्षीदार पहिले : खालच्या औषध दुकानाचे मालक (सही)
साक्षीदार दुसऱ्या : शेजारच्या निवृत्त टंकलेखिका (सही)

स्थळ : राहते घर, नकाशांचे टेबल
दिनांक : ९ मार्च २०२५, रविवार. वेळ दुपारचे अडीच. साक्षीदारांनी चहाला थांबू नये, मला निघायचे आहे.