वासंतीच्या मापाचा ओटा

१ डिसेंबर १९९१, रविवार
आलो एकदाचे डहाणूला! अठरा वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लोकांचं सामान सांभाळलं आणि बदलीच्या वेळी नेमक्या माझ्याच लोणच्याच्या बरण्या फुटल्या. असो. घर झकास आहे. स्टेशनपासून दहा मिनिटं, मागे चिकूची वाडी. शेजारच्या दक्षाबेननी आल्याआल्या डाळ-ढोकळी आणून दिली. शाळा सुटल्यावर अदूला त्याच सांभाळणार आहेत. अदू म्हणजे आमची अदिती, वय वर्षं नऊ, जिभेला हाड नाही. नंदुरबारला समुद्र कुठून बघणार? आज पाहिला, तर त्याला पलीकडचा काठ का नाही म्हणून माझ्याशीच भांडली. शाळेचा गणवेश शिवायला टाकलाय. शिंप्याला सांगून स्कर्टला चार बोटं दुमड ठेवली, दोन वर्षं पुरेल.

अदूची आई, वासंती, ऑगस्टमध्ये गेली, काविळीने. हे लिहितानाही काही वाटत नाही. लोक म्हणतात मी खंबीर आहे. खंबीर कसला? दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसा सगळाच झालोय.

तिने अकरा वर्षं जमिनीवर बसून स्वयंपाक केला. गुडघे दुखायचे. नव्या घरात उभा ओटा करून देईन, असा शब्द दिला होता मी. तोही शंखजिऱ्याच्या दगडाचा. मोठ्या साहेबांच्या बंगल्यात तिने तसा पाहिला होता. हात फिरवून म्हणाली होती, साबणासारखा लागतो हो. आता ओटा करणारच.

८ डिसेंबर, रविवार
तलासरीला जाऊन दगड घेतला. हायवेवर राजस्थानचे ट्रक थांबतात तिथे एक वखार आहे. मालक म्हणाला सगळे कडप्पा लावतात, हा मऊ दगड, नखाने ओरखडा उठतो, पाटीवरची पेन्सिल याचीच होते. हौसेला मोल नाही म्हटलं आणि राखाडी-हिरवट लादी निवडली. हा दगड ऊन फार धरतो म्हणे. तेल चोळलं की काळा पडतो.

गवंडी मिळाला तो झरीचा, लाहू नावाचा. घरची भातशेती आहे, सुगी आटपली की गवंडीकाम. बोलतो कमी, काम चोख.

११ डिसेंबर, बुधवार
लाहू माप घ्यायला आला. त्याची पद्धत वेगळीच. जिने रांधायचं तिला अनवाणी उभं करायचं, टाचेपासून कोपरापर्यंत सुतळी धरायची, गाठ मारायची. त्या गाठीवर ओटा. बाई कुठे आहेत, म्हणून विचारलं. माहेरी, म्हणून मी ठोकून दिलं. येतील तेव्हा माप घेऊ म्हणाला. मी म्हटलं थांबायला वेळ नाही. वासंतीचं कोपर माझ्या पट्ट्याच्या वर चार बोटं यायचं. मी स्वतः उभा राहिलो आणि बोट लावून दाखवलं, इथपर्यंत. त्याने पुन्हा विचारलं, बाई आहेत ना? आहेत म्हटलं.

त्याने गाठ मारली आणि सुतळी स्वयंपाकघराच्या खिळ्याला अडकवली. काम पुरं होऊन पहिलं दूध उतू जाईपर्यंत ती काढायची नाही, आणि ज्याचं माप त्यानेच दूध तापवायचं, म्हणाला.

१७ डिसेंबर, मंगळवार
ओटा बसला. मी आणि अदूने खोबरेल चोळलं. दगड डोळ्यांदेखत काळाभोर झाला.

दूध अदूने तापवलं. हात पोचेना, म्हणून पत्र्याचा डबा उपडा घालून वर उभी राहिली. दूध उतू गेलं तशी टाळ्या पिटल्या. घरात दुसरं होतं तरी कोण?

२३ डिसेंबर, सोमवार
सकाळी स्टोव्ह पेटवायच्या आधीच ओटा कोमट लागला. ऊन धरतो, ते खरंच असणार. पण उन्हाचा कवडसा तिथे येत नाही.

कडेला तळव्यांएवढे दोन डाग उमटलेत, काळ्याहून काळे. हातांचं तेल मुरलं की असं होतं म्हणे. माझे हात त्याहून मोठे आहेत. अदूचे लहान.

त्या डागांवर हात ठेवून उभा राहिलो. चार महिन्यांत पहिल्यांदा हाताला काही जाणवलं. ऑफिसला उशीर झाला.

२८ डिसेंबर, शनिवार
अदू पोळ्या करायला लागलीय. कोणी शिकवलं, तर म्हणे येतात. डब्यावर चढून करते. खाल्ल्या. चव लागली. मी ताटावर रडलो, लाज कसली लिहायला.

स्कर्टची दोन बोटं उसवून दिली. वाढतं अंग आहे.

२ जानेवारी १९९२, गुरुवार
शाळेच्या बाईंनी बोलावलं. मुलगी गप्प गप्प असते, एकोणीसचा पाढा घडाघडा म्हणायची तो आता येत नाही, हाक मारली तर चटकन बघत नाही. आई गेल्याचं मनाला लावून घेतलं असेल, असं त्याच म्हणाल्या. मी मान हलवली.

दक्षाबेन म्हणाल्या, छोकरीला काय खायला घालता, महिन्यात केवढी वाढली. स्कर्टची उरलेली दोन बोटंही सोडली. पुरत नाही.

मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं. आजही पोळ्या खाल्ल्या.

५ जानेवारी, रविवार
पत्र्याचा डबा ओट्याखाली सरकवलेला. अदू फरशीवर उभी. दोन्ही हात त्या डागांवर, बरोब्बर. एक पाऊल दुसऱ्या पोटरीवर घासत होती. वासंती अशीच उभी राहायची. अदू म्हणून हाक मारली. वळली नाही. तीनदा मारली.

लगेच झरीला गेलो. लाहूला सगळं खरं सांगितलं. मग म्हणाला, “माप जित्या माणसाचं लागतं, साहेब. तुम्ही मेलेलीचं दिलंत. आता तो ओटा मापाचं माणूस करून घेणार.”

उद्या फोडायला येतो म्हणालाय. तोवर पोरीला नावाने हाक मारत राहा. आणि तिने बायकोसारखी हाक मारली तर ओ देऊ नका. ओ दिलीत की पोर गेली.

६ जानेवारी
लाहू छिन्नी-हातोडा घेऊन आला. आधी खिळ्यावरची सुतळी काढली. अदूला उभं करून तिला लावली. टाच, पोटरी, गुडघा — गाठ कोपराला लागली. केसाचाही फरक नाही.

तरी त्याने छिन्नी लावली. एकच घाव. दगडाची कपची उडाली आणि अदूच्या मनगटावर —

रक्त आलं नाही. चीर पडली. आत राखाडी.

लाहूने हातोडा खाली ठेवला. म्हणाला आता फोडायचा तर कोण फुटेल सांगता येत नाही. बाहेर जाऊन ओटीवर बसला. मग निघून गेला. मी थांबवलं नाही.

मला भीती वाटायला हवी.

७ जानेवारी
रजा टाकली. दिवसभर हाका मारतोय. अदू. अदिती. समुद्राची आठवण दिली. काठ का नाही विचार ना, म्हटलं. एकदा, दुपारी, बाबा म्हणाली. इतक्या लांबून —

घट्ट धरून बसलो. मनगट गार नाही. कोमट आहे. ओट्यासारखं.

आज पोळी खाल्ली नाही.

८ जानेवारी. सकाळ.
वासंतीची साडी नेसलीय. मोतिया. ट्रंकेला तर कुलूप —

पोळ्यांचा वास. मी बाहेरच्या खोलीत. लिहीत राहायचं. हात चालू असला की तोंड बंद राहतं. अदू अदू अदू अदू

हाक आली. “अहो.”

नाही. बाबा म्हणाली तरच उठेन. अदू, बाबा म्हण. एकदा.

“अहो, ऐकलंत का? पोळी गार होतेय.”

तोच आवाज. चार महिने कान नुसते — नाही. अदू नऊ वर्षांची आहे. चौथीत. समुद्राशी भांड

“अहो —”

आलो म्हणालो. अकरा वर्षांची सवय. तोंडातून निघून गे

आत भांडं पडलं. पोरीचा आवाज. बाबा, असं एकदाच, अर्धं —

आता शांत आहे. ताट वाढल्याचा आवाज येतोय. उठतो. मला काहीच वाट