मयूरीच्या चुलीतली राळ

मी, कौशिक सुखदेव गजभिये, वय एकवीस, कामधंदा सध्या नाही, राहणार खातीपुरा, जयपूर, मूळ जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नाही तर स्वतःच्या मर्जीनं, नशापाणी न करता, दोन कप चहा पिऊन लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गरम आहे, पण ठिकाणावर आहे.

आई हे वाचेल म्हणून आधीच सांगतो. हे माझ्या खेळातल्या देहाचं मृत्युपत्र आहे. खरा देह ठणठणीत आहे. त्याचं काय करायचं ते मात्र कळत नाही.

आमचं जग म्हणजे तन्मयच्या जवाहर नगरातल्या घरी कॉम्प्युटरवर चालणारं एक बर्फाळ बेट. जगायला लागेल ते सगळं हातानं बनवायचं. उरलो आम्ही चौघं: मी, तन्मय, माझ्या गल्लीतला हिम्मत सिंह आणि मयूरी. इथं जन्म एकच, मेलेल्याला परत दार उघडत नाही. खेळ बंद केला की आपला माणूस असेल तिथंच झोपतो. झोपलेल्याला हलवता येत नाही, आणि जवळची आग विझली तर तो झोपेतच गारठून मरतो. म्हणून समुद्रापार जाणाऱ्यानं मृत्युपत्र लिहायचं, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, अशी आमची रीत आहे. साक्षीदाराला वाटा नाही. हा नियम हिम्मतमुळे आला. तन्मयचा आतेभाऊ अस्वलाच्या तोंडी गेला तेव्हा साक्षीदार हिम्मत होता, आणि मयताची सगळी कातडी त्याच्याच नावे निघाली.

कलम पहिलं राळेचं, कारण राळेवाचून पुढची सगळी कलमं म्हणजे नुसती लाकडं.

पहिला हिवाळा आम्ही दगड दोरीनं दांड्याला बांधून काढला. कुऱ्हाड घावागणिक सुटायची, छप्पर गळायचं, नाव काठावरच भरायची. मग एका वादळात वीज पडून देवदार पेटला. आम्ही तिघं पळालो, मयूरी उभी राहिली. तिचे वडील हणमंत शेडगे फौजेत नायब सुभेदार, साताऱ्याकडचे. पळायचं त्या घरात कुणी शिकवलंच नसावं. आग विझल्यावर तिनं त्या काळ्या खोडाला उन्हाच्या अंगानं एक खाच पाडली. काही निघेना. मी दुसरा घाव घालायला कुऱ्हाड उचलली, तेवढ्यात हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, "थांब की जरा. झाडाला पण वेळ लागतो."

खेळातल्या दुसऱ्या सकाळी खाचेत मधासारखा राळेचा थेंब उभा होता. मला ती आवडायला लागली ती तेव्हापासून. मंडळाच्या गणपतीत आरतीच्या रांगेत भेटलो होतो ते आधीच, पण ते धरत नाही.

वारसांनी ध्यानात ठेवावं. राळ फक्त वीज पडूनही उभ्या राहिलेल्या झाडाला येते. खाच एकच पाडायची, दुसरीनं झाड मरतं. गोळा मातीच्या भांड्यात कोळशाच्या भुकटीबरोबर मंद आचेवर वितळवायचा. हलका धूर निघाला की उतरवायचा. बुडबुडे आले तर संपलं. उकळी आलेली राळ जळते छान, पण गार झाली की काचेसारखी तडकते, काही म्हणजे काही जोडत नाही. हे सगळं मयूरीनं शोधलं. मी फक्त भांडी फोडली.

राळेमुळे कुऱ्हाड बसली, नाव तरली. आणि मुख्य म्हणजे लाकडाची चूल एका रात्रीत विझते, राळेचा गोळा पोटात असलेली चूल कितीतरी दिवस धरते.

कलम दुसरं. टेकडीखालचं घर, त्यातली चूल, दोन कुऱ्हाडी, मासे सुकवायचा मांडव आणि किनाऱ्यावरची नाव, परत आली तर, हे सगळं मी मयूरी हणमंत शेडगे हिला देत आहे. ती त्याच घरात चुलीशेजारी अस्वलाच्या कातड्याखाली झोपलेली आहे. उन्हाळ्यात तिच्या वडिलांची बदली झाली आणि घरचे साताऱ्याला परतले. निघायच्या दिवशी स्टेशनवर मी तिला जे सांगायचं ते सांगितलं. ती म्हणाली, "कौशिक, तुला राग पटकन येतो, आणि प्रेम पण." मग म्हणाली की तिकडे नेट लागलं की येते. नेट लागलं. तिचे फोटो दिसतात, हसत असते. इकडे ती आली नाही.

तेव्हापासून तिची चूल मी राखतो आहे. खेळातली मयूरी जिवंत आहे तोवर खरी मयूरी येऊ शकते, मतलब दार तरी उघडं आहे. एवढंच आहे सगळं. आई म्हणते, "त्या डब्यातली चूल राखतं, अन् गॅसवरचं दूध उतू गेलं तं दिसत नाही काय तुले?" दिसतं, आई. उशिरा दिसतं.

माझे आईवडील रत्नमाला आणि सुखदेव यांना मी काही देत नाही. बेटावर त्यांचं खातं नाही. रेल्वेतली नोकरी सांभाळून बाबांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे डिग्री. ती दुसऱ्या वर्षात, प्रयोगशाळेत सरांशी वाजलं तिथंच राहिली. सर आईवरून बोलले होते. आजही समोर आले तर मी तेच उत्तर देईन. बाबा तेव्हापासून माझ्याशी फक्त जेवणाबद्दल बोलतात.

कलम तिसरं, हिम्मत सिंहाचं. बेटावरचे सगळे देवदार, वीज पडून काळे झालेलेही, त्यानं आपल्या कोटासाठी, म्हणजे घराभोवतीच्या लाकडी तटबंदीसाठी तोडले. विचार नाही, खाच नाही, थेट आडवे. मी जाब विचारला तर म्हणाला, "भाई, लकड़ी ही तो है." मी त्याचा कोट पेटवायला मशाल घेऊन गेलो होतो. तन्मय आडवा आला म्हणून कोट अजून उभा आहे. सबब हिम्मत सिंह यास मी त्यानंच तोडलेल्या देवदारांचे सर्व खुंट देत आहे. त्यानं ते पिढ्यानपिढ्या उपभोगावेत.

या तोडीमुळे घरात राळेचा एकच गोळा उरला होता. तो नावेच्या सांध्यांना लावला असता तर जाऊन परत येता आलं असतं. मी तो तिच्या चुलीत टाकला. सांध्यांत गवत कोंबलं आहे, ते जाण्यापुरतं टिकेल. पलीकडच्या बेटावर वीज पडलेलं झाड असेल तर राळ मिळेल. तन्मय म्हणतो, तिकडे वीज चमकलेली त्यानं आजवर पाहिली नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

पुरवणी. खाली मयूरीची सही दिसेल, ती आधी झालेली आहे. वरच्या मोकळ्या जागेत मी हे नंतर लिहीत आहे.

पहिला साक्षीदार तन्मय. दुसरा मिळेना. हिम्मत तयार होता, पण खुंट दिल्यामुळे तो वारस ठरला. तन्मय म्हणाला, "खुंटांचं कलम काढून टाक ना यार, विषय संपला." मी काढलं नाही. मग त्यानं मला न विचारता साताऱ्याला फोन लावला.

आज दुपारी ती उठली. कातडं बाजूला केलं, चुलीकडे बघत राहिली.

"अजून पेटतीये?"

मी म्हटलं, पेटतीये. तिनं हे सगळं वाचलं, मधे एकदा हसली, खुंटांपाशी असेल. मी तिला नियमाची आठवण करून दिली, की सगळं तुझ्या नावे आहे, सही केलीस तर यातलं काही तुला मिळणार नाही.

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच करते."

सही केली. मग चिमट्यानं चुलीतला अर्धा जळलेला गोळा काढून माझ्या हातात दिला. "नावेला लाव. बुडू नको."

उकळलेली राळ जोडत नाही हे तिनंच शोधलेलं. विसरली असेल.  ती पुन्हा चुलीपाशी निजली नाही. दार उघडून अंगणात बर्फात बसली आणि तिथूनच खेळ बंद केला. मी गोळा नेऊन सांध्यांना लावला. गार होताना तो तडकला.

झोपलेल्याला हलवता येत नाही, म्हणून तिच्याभोवती घरातली उरलेली सगळी लाकडं रचून पेटवली आहेत. ती एक रात्र धरतील. मी आत्ताच निघतो आहे.

मयूरी साक्षीदार झाली, तेव्हा दुसरं कलम रद्द. रद्द कलमातलं सगळं नियमाप्रमाणे उरलेल्या वारसाला जातं, आणि वारस एकच उरला आहे. तर हिम्मत, घर तुझं, चूल तुझी, कुऱ्हाडी तुझ्या. बदल्यात एकच मागतो. अंगणातली आग मी येईपर्यंत विझू देऊ नकोस. बेटावर आता दुसरं लाकूड राहिलेलं नाही, तुझा कोट तेवढा आहे. तो तोडून घाल. भाई, लकड़ी ही तो है.

लिहून देणार: कौशिक सुखदेव गजभिये

साक्षीदार:
तन्मय वाघचौरे, जवाहर नगर. माझ्यासमोर सही केली. पुरवणी मी वाचली आहे, हिम्मतला वाचून दाखवली आहे. तो अजून काही बोललेला नाही.

मयूरी हणमंत शेडगे, सध्या सातारा. लिहून देणारा पूर्ण शुद्धीवर होता. मला यातलं काही नको.

ठिकाण: खातीपुरा, जयपूर
दिनांक: १८ जानेवारी २०२५