खिसा फाटू नये म्हणून

४ मार्च
टपरीचं सील निघालं. पोलिसानं सही घेतली. म्हणाला, बघून घ्या काही कमी आहे का. काय कमी आहे ते त्याला काय सांगू!

आत सगळं उलटंपालटं केलेलं. कानशी जमिनीवर, कोऱ्या किल्ल्यांचा डबा उपडा. दिवसभर लावत बसलो. मुलाचा चष्मा फळीमागं सापडला. घालून पाहिला. मला त्यातून काही दिसत नाही.

शेजारच्या घड्याळवाल्यानं चहा पाठवला. स्वतः आला नाही.

५ मार्च
गिऱ्हाईक नाही.

६ मार्च
एक बाई थांबली. पाटी वाचली, माझ्याकडं पाहिलं, हातातली किल्ली परत पर्समध्ये टाकली आणि पुढं गेली. बरोबरच आहे. मीही गेलो असतो.

८ मार्च
बाजारात लोक वाटेल ते बोलतात. झालं ते एकदा सरळ लिहून ठेवतो.

डॉक्टरांचं घर फोडलं. फोडलं कसलं – किल्लीनं उघडलं. कुलपावर ओरखडासुद्धा नाही. घरात कोणी नसेल असं चोरांना वाटलं होतं. डॉक्टरांची आई होती. उठून आली, तिला ढकललं, कपाटाच्या कोपऱ्यावर पडली. गेली. ती किल्ली माझ्या मुलानं केली. साबणावरच्या ठशावरून.

आमच्या टपरीचा पहिला धडा – कुलूप दाखव, मग किल्ली. कुलूप नाही तर कपाट दाखव, दार दाखव, मी येतो तुझ्याबरोबर. साबण घेऊन येणारे मी आयुष्यभर पाहिले. अख्खी वडी रुमालात गुंडाळून आणतात आणि इकडंतिकडं बघत बोलतात. मी हाकलले. मुलानंही पंधरा वर्षं हाकलले असतील. मग एकाला नाही हाकललं. वर्षभर कानस चालवून जे मिळत नाही ते एका दुपारी मिळत होतं.

चोर पळताना किल्ली अंगणात पडली. पोलीस ती घेऊन गावातल्या सगळ्या किल्लीवाल्यांकडं फिरले. बाजाराच्या टोकाला टकलू बसतो, त्यानं कडेवरून अंगठा फिरवला आणि सांगितलं – ही कड चामड्यावर घासलेली आहे, एवढा वेळ हल्ली कोणाला आहे, ते बापलेकच घासतात. खोटं बोलला नाही. त्याच्याशी माझं भांडण नाही.

किल्ली माणसाच्या खिशात राहते. कड कच्ची राहिली तर खिसा फाटतो. म्हणून घासायची. हा दुसरा धडा. मुलानं पहिला मोडला आणि दुसरा पाळला. चोराचा खिसासुद्धा फाटू नये! दुसराही मोडला असता तर आज घरी असता.

९ मार्च
काल पुढचं लिहवलं नाही.

मुलगा जामिनावर सुटून आला. भिंतीकडं तोंड करून बसायचा. मी त्याला एकच विचारलं – साबण कोणी आणला? चोर पकडले गेले, ते म्हणतात साबण आम्ही आणला नाही, किल्ली आम्हाला तयार मिळाली, पैसेही मुलाच्याच हातात दिले. म्हणजे ठसा आणणारा वेगळा. मुलगा म्हणाला, "बाबा, तेवढं सोडून काहीही विचारा."

मी तेवढंच विचारत राहिलो. मग एके सकाळी मोठ्या रस्त्यावर ट्रकखाली आला. ड्रायव्हर म्हणतो, त्याचं लक्ष नव्हतं. मी म्हणतो, होतं.

मला ते नाव पाहिजे. बाकी काही नको.

१२ मार्च
सून पुन्हा लाँड्रीत जायला लागली. काउंटरवर असते. कपडे घेताना खिसे तपासायचे हे तिचं काम. एकदा कोणाची अंगठी सापडली होती, ती संध्याकाळी घरी नेऊन दिली. तेव्हापासून मालकाचा फार विश्वास. त्यानं तिला काढलं नाही. भला माणूस.

म्हणाली, "डॉक्टरांचे कोट आले की मी मागच्या खोलीत जाते, बाबा. समोर उभं राहवत नाही."

मला वाईट वाटलं. गुन्हा त्याचा, आणि मान हिनं खाली घालायची.

१३ मार्च
फ्रिज विकून टाकू म्हणाली. ठेव म्हणालो. मग वाटलं, कशाला ठेवायचा? कधी पाण्याच्या बाटल्यांपलीकडं काही नव्हतं त्यात. आला तेव्हा मी विचारलं होतं, मुलगा म्हणाला, हप्त्यावर. मी मानलं. घड्याळवाला तेव्हा थट्टा करायचा – काय हो, किल्ल्या थंड करून विकता का आता?

फ्रिज आला, मग दोघं दोन खोल्यांचं घर बघून आले. सून किती बोलत होती त्या दिवशी! खिडकीची खोली बाबांना, असं ठरवूनही टाकलं होतं. मुलगा गप्प होता. मला वाटलं, थकलाय.

तेव्हाच विचारायला हवं होतं. हप्ता कुठला, कसला, कोणाकडं. बापाला सगळं उशिरा सुचतं.

१५ मार्च
साबण संपला. सुनेनं नवी वडी आणली आणि दोऱ्यानं मधोमध कापली. अर्धी मोरीत, अर्धी कपाटात. अख्खी ठेवली की भिजून लवकर झिजते. सुरीनं कापली की चुरा पडतो. ही माझ्या बायकोची पद्धत, सुनेनं तिच्याकडून उचलली. मुलगा लहान असताना ओरडत यायचा, आई साबणाला फाशी देतेय!

आज चिमी तेच बोलली. बापाकडून ऐकलेलं. सून उठून आत गेली. मी नातीला उचलून बाहेर नेलं.

१८ मार्च
घड्याळवाला शेवटी बोलला. म्हणाला, तुम्ही बसायचं सोडल्यावर एक जण मोटारसायकलवरून यायचा टपरीवर. जुन्या गाड्या विकतो. डोळ्यांवरचा गॉगल सावलीतही काढत नाही, म्हणून नावच गॉगल. त्याला धरा.

उद्या जातो.

१९ मार्च
गेलो. गॅरेजच्या मागं पत्र्याची खोली आहे, तिथं बसतो. मला बघून उभा राहिला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "काका, बसा. मला माहीत होतं तुम्ही येणार."

मग सांगत सुटला. चोरीच्या गाड्यांची कुलपं उघडून दे म्हणून तो मुलाच्या मागं लागला होता. एकदा नव्हे, पुष्कळदा. पैसे टपरीवर आणून ठेवले. मुलानं कानस फेकून मारली. त्यानं गॉगल काढून दाखवला – भुवई मधोमध फाटलेली, तिथं केस उगवलेले नाहीत.

म्हणाला, "म्हणून हे डोळ्यावरून काढत नाही. काका, तुमच्या पोराला बाहेरच्या माणसानं नाही वाकवला. माझ्यासारख्याला जमलं नाही तर कोणाला जमणार!"

येताना रस्त्यात मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू. पोरानं कानस फेकून मारली! घर जवळ आलं तसं बरं वाटणं कमी झालं. मग कोणी?

२० मार्च
सुनेला कळलं मी कुठं गेलो होतो ते. कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "बाबा, आता नाव कळून काय करणार तुम्ही? पोलिसांकडं जाणार?"

मी म्हणालो, नाही. त्याच्या दारात जाऊन उभा राहीन. बोलणार काही नाही. नुसता उभा राहीन.

तिनं एकच सदरा तीनदा घडी घालून मोडला. माझं बोलणं फार कडू झालं असावं. घरात पुन्हा हा विषय काढायचा नाही.

२२ मार्च
गिऱ्हाईक नाही. चिमीसाठी पितळेची शिट्टी केली.

२४ मार्च
पहिलं काम आलं! एक म्हातारी, कपाटाचं कुलूपच उचकटून पिशवीत घालून घेऊन आली. वर म्हणते, तुम्हाला कुलूप दाखवावं लागतं ना? गावात एवढं तरी नाव उरलंय.

बऱ्याच दिवसांनी कानस धरली, तरी दात बरोबर बसले. कड घासायला घेतली तर म्हातारी म्हणाली, राहू द्या, माझ्या पातळाला खिसा नाही. तरी घासली.

घासताना किल्ली पकडायची व्हाइस हलायला लागली. तिच्याखालचा लाकडी ठोकळा पोकळ आहे. तरुणपणी मी त्यात सुटे पैसे ठेवायचो, विसरूनही गेलो होतो. म्हातारी गेल्यावर ठोकळा उचलून पाहिला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत साबण.

फेकून का नाही दिला? कारण नमुना लगेच फेकायचा नाही. किल्ली अडली, गिऱ्हाईक परत आलं, तर पुन्हा लागतो. हा तिसरा धडा. तोही माझाच.

उजेडात धरला. दोन्ही अंगांना किल्लीचा ठसा, नीट दाबलेला, घाई न करता. अख्खी वडी नाही. अर्धी. आणि अर्धी केलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत. चुरा नाही. एका टोकाला बारीक वाकडी रेघ – दोरा ओढून संपतो तिथं पडते तशी.

मी खाली बसलो. घड्याळवाला धावत आला, काय झालं? कंबर धरली म्हणालो.

डॉक्टरांचे कोट. कोटाला खिसे असतात.

२५ मार्च
टपरी उघडली नाही.

दिवसभर चिमीकडं बघत होतो. तिचा बाप गेला. दुपारी शिट्टी वाजवत आली आणि विचारते, आजोबा, आई आज लवकर येईल?

येईल म्हणालो.

२६ मार्च
सकाळी साबण मोरीत ठेवला. आमच्या अर्ध्या वडीशेजारी, ठसा वर करून. मग दारात नुसता उभा राहिलो. सून तोंड धुवायला आली. बघत राहिली.

संध्याकाळी पाहिलं तर ठसा नव्हता. नुसता साबण. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

तिनं वाढलं. मी जेवलो.