मोठ्या बाई

चियांगमाई
१४ ऑक्टोबर, बुद्धसंवत २५६२

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. गुडघ्यांचं काय ते आधी कळव, बाकीचं मागाहून. फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर तू नुसती "काय? काय?" करतेस, मग मी ओरडते, आणि आपल्या घरातलं सगळं माझ्या शेजारणीला कळतं. त्यापेक्षा पत्र बरं.

तू पाठवलेला भाजक्या मिरचीचा ठेचा पोचला. बरणी वाटेत थोडी गळली होती, त्यामुळे बसच्या कंडक्टरने ती माझ्या हातात देताना नाक मुरडलं. तुझ्या नातीने आणि मी चिकट भाताबरोबर ठेच्याचा फडशा पाडला. रुंग मजेत आहे. डॉक्टरकीचं दुसरं वर्ष म्हणजे नुसती पाठांतरं. हल्ली आमच्या जेवणाच्या टेबलावर एक कवटी असते. घाबरू नकोस, प्लास्टिकची आहे. जेवताना रुंग तिचं तोंड भिंतीकडे करते. म्हणते, "धाकटी आजी, ती माझ्या ताटात बघते."

मध्यंतरी पोरगी एका चाचणीत आपटली. विषय काय, तर डोळ्याची खोबण. मला वाटायचं, खोबण म्हणजे कवटीला पडलेलं भोक, दुसरं काय असणार. तर तसं नाही ताई. सात हाडं एकमेकांना खेटून बसतात तेव्हा ती खोबण होते, आणि एकेकाचं नाव असं की जीभ वळत नाही. रुंग रडकुंडीला आली. मी म्हटलं, "तिसरीच्या पोरांना पाढे शिकवण्यात माझा जन्म गेलाय, सात हाडांचं काय घेऊन बसलीस? आपल्या जुन्या घरी गोल चौरंगाभोवती जेवायला किती जण बसायचे? सातच की."

मग आम्ही एकेकाला जागा दिली. वरचं छप्पर म्हणजे कपाळाचं हाड, ते आजोबा. बाहेरच्या कडेला गालाचं हाड, तिथे बाबा, कारण बाहेरून काही आलं की पहिला मार त्यांना. नाकाच्या अंगाला नखाएवढं अश्रूंचं हाड आहे, ती आजी, हे सांगायलाच नको. परक्यांच्या लग्नातसुद्धा तिचा पदर ओला. त्याच्या मागचं हाड चाळणीसारखं आहे. तो मामा. त्याच्या पोटात कधी एक गोष्ट राहिली नाही. आई म्हणजे पाचरीचं हाड, जिचा सगळ्यांशी कुठे ना कुठे संबंध. पार मागे कोपऱ्यात टाळूच्या हाडाचं टोक असतं, विद्यार्थी हटकून विसरतात ते. ती मी. तू कुठे बसलीस ते पुन्हा कधीतरी लिहीन.

रुंग दुसऱ्या खेपेला पास झाली. तोंडी परीक्षेत सरांनी चाळणीच्या हाडावर काडी ठेवली आणि ही पटकन म्हणाली, "मामा." सर बराच वेळ हसत होते म्हणे.

आणखी एक बातमी. मला इथल्या वैद्यकीय कॉलेजात मोठ्या बाईंची जागा मिळाली आहे. कार्डसुद्धा आलं. सविस्तर नंतर लिहिते, आता भात उतरवायचा आहे.

तुझी,
सीनुआन

•

लोंग
२१ ऑक्टोबर

सीनुआन,

गुडघे आहेत तिथेच आहेत.

तुझ्या पत्राचा शेवट मी दुकानात, रश्श्यातल्या शेवयांच्या पातेल्यापाशी, दोनदा वाचला. मोठ्या बाई! रिटायर झाल्यावर दिली, पण दिली. तीही कॉलेजात. तुझ्या शाळेने तुला डावलून त्या प्रसितला मोठे गुरुजी केलं, तेव्हा तू काही बोलली नाहीस. मी मात्र महिनाभर त्याच्या वाटीत मांसाचा तुकडा पडू दिला नव्हता.

परवा तो दुकानात आला. मी वाटी भरून दिली, वर दोन तुकडे जास्त घातले आणि म्हटलं, "आमची धाकटी मोठ्या बाई झाली बरं का." त्याने चमचा खाली ठेवला. म्हणाला, "या वयात?" मी म्हटलं, "तुमच्यासारखी चार खोल्यांची शाळा नाहीये ती. डॉक्टर शिकतात तिथे." खाऊन गेला. वाटीत रस्सासुद्धा ठेवला नाही.

बाजारात सगळ्यांना कळलंय. गावचा मुखिया तुझा फोटो लावून फलक करणार म्हणतो. मी तुझा पांढऱ्या गणवेशातला फोटो दिला, त्यात तू जरा हसलेली आहेस. रुजू होण्याच्या दिवशी अंगावर नवं हवं, म्हणून कोष्टिणीकडे तुझ्यासाठी नक्षीच्या काठाचं नेसणं विणायला टाकलंय. कधी रुजू व्हायचं ते लगेच कळव.

खोबणीचं मला काय शिकवतेस? माझा डावा डोळा खोल का गेला ते मला पुरतं ठाऊक आहे. रेडकाने मान उडवली हे निमित्त. मागल्या जन्मीचं कर्म खरं, सगळा गाव तेव्हा तेच म्हणाला होता. म्हणून तर रोज पहाटे भिक्खूंना भात वाढते. पुढच्या जन्मी दोन सारखे डोळे मिळावेत, एवढंच मागणं आहे.

आनंदात असलेली,
तुझी ताई

•

चियांगमाई
२७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

फलक लावला असेल तर आधी उतरव आणि मग पुढे वाच.

मी त्या मोठ्या बाई झाले नाही. मी दुसऱ्या मोठ्या बाई होणार आहे. डॉक्टरकीची पोरं ज्यांच्या देहावर शिकतात, त्यांना ती प्रेत म्हणत नाहीत. मोठे गुरुजी म्हणतात, मोठ्या बाई म्हणतात. तुलाही हे माहीत आहे गं, पण तुझ्या डोक्यात तो प्रसित ठाण मांडून बसलाय. मी मुद्दामच तसं मोघम लिहिलं. सरळ लिहायची छाती झाली नाही. तू असं समजशील याची मला कल्पना होती, आणि निदान आठवडाभर तरी तू खूश राहशील असं वाटलं. त्याचं नेसणं होईल हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

मी गेल्यावर हा देह त्यांनी न्यावा. मला यात दुःख काहीच नाही ताई, उलट फार बरं वाटतंय. कॉलेजात रुंगच्या टेबलावरच्या मोठ्या बाईंना ती रोज फुलं वाहते, हात जोडते, मगच कामाला लागते. खोबणीच्या परीक्षेत पास झाली तेव्हा आधी त्यांना सांगून आली, मला नंतर. गेल्या वर्षीच्या मोठ्या गुरुजींचा, मोठ्या बाईंचा अंत्यविधी झाला, त्याला मी तिच्याबरोबर गेले होते. सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत. एकीने उभं राहून वाचून दाखवलं की आमच्या मोठ्या बाई रस्त्याच्या कडेला भाजकी केळी विकत असत आणि त्यांना सही करण्यापुरतंच लिहिता येत होतं. डॉक्टर होऊ घातलेली ती धटिंगण पोरं हमसून रडत होती. मला तिसरीच्या वर्गाने निरोप दिला तेव्हा अर्धी पोरं खिडकीतून पळून गेली होती.

मी गेल्याचं त्यांना घरच्या माणसाने कळवायचं असतं. मी लग्न केलं नाही, तेव्हा घरचं माणूस तूच. देह कापला गेला की पुढचा जन्म अर्धवट मिळेल अशी तुला भीती वाटणार, हे मी जाणते. तुझ्या मनाविरुद्ध मला हे करायचं नाही. तू नको म्हणालीस तर मी कार्ड परत करीन, आणि पुन्हा विषय काढणार नाही.

पण त्याआधी तुझी जागा ऐक.

खोबणीचा तळ हे सातवं हाड. वरच्या जबड्याचंच ते, पण डोळ्याखाली इतकं पातळ होतं की मागे विजेरी धरली तर उजेड आरपार दिसतो. रुंगने खऱ्या हाडावर पाहिलंय. तिने तुझी हकीकत तिच्या सरांना सांगितली, रेडकाची धडक, आत गेलेला डोळा, वर पाहिलं की एकाचे दोन दिसणं, सगळी. सरांनी फळ्यावर चित्रच काढलं. समोरून जोराचा दणका बसला की सगळा दाब आत जातो. त्याला वाट मिळाली नाही तर डोळाच फुटायचा. अशा वेळी पुष्कळदा तळाचं ते पातळ हाड मोडतं आणि दाबाला वाट देतं. डोळा थोडा खाली बसतो, एक स्नायू त्या फटीत अडकतो, म्हणून वर बघताना दोन दिसतात. पण डोळा वाचतो. यात मागल्या जन्माचं काही नाही ताई. तुझं हाड मोडलं म्हणून तुझा डोळा राहिला.

चौरंगाभोवती तुला कुठे बसवायचं ते मला सांगावं लागलं नाही. रुंगच म्हणाली, "तळ म्हणजे आजी." चौथीनंतर तुझं नाव काढलं आणि आईच्या शेजारी शेवयांच्या पातेल्याशी तुला बसवलं, तेव्हा कुठे माझं नाव शाळेत घालता आलं. हे मला कधी तोंडाने बोलता आलं नाही. तू वाढत राहिलीस आणि मी खात राहिले. आज लिहिते आहे.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
सीनुआन

•

लोंग
१४ नोव्हेंबर

सीनुआन,

उत्तर उशिरा देतेय, कारण मी रागावले होते. रागावून झालं, आता लिहिते.

फलक लागलेला होता. बाजाराच्या तोंडाशीच, तुझं थोबाड बैलगाडीच्या चाकाएवढं. मी मुखियाला सांगायला गेले की काढा. तो म्हणाला, "का? मोठ्या बाई होणार हे खोटं आहे का?" मी विचार केला, खोटं तर नाही. तसाच राहू दिला. प्रसित रोज त्याच्यासमोरून सायकल नेतो.

मग विहारात मोठ्या भिक्खूंकडे गेले. म्हटलं, "बाबा, आमच्या धाकटीचं डोकं फिरलंय. देह कापायला देते म्हणते. पुढच्या जन्मी हात नाही, डोळा नाही अशी आली तर?" भिक्खू हसायला लागले. झोळीत हात घालून त्यांनी एक कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. तुझ्यासारखंच, त्याच कॉलेजचं. म्हणाले, "पुढच्या जन्मी आम्ही दोघं आंधळे आलो तर तुझ्या दुकानात शेवया खायला येऊ, तू वाढ. आणि बहिणीला सांग, माझ्या आधी तिथे रुजू झालीस तर माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धर." त्यांच्यासारखा माणूस ज्याला भीत नाही त्याला मी कशाला भिऊ? तिथेच माझा राग निम्मा उतरला.

उरलेला दिव्यांच्या रात्री उतरला. तुला माहीत आहे, पौर्णिमेला सगळे पेटते आकाशकंदील आभाळात सोडतात तेव्हा मी खाली मान घालून पणत्याच लावत बसते. वर बघितलं की एकाचे दोन दिसतात, आणि मला वाटायचं ही माझी शिक्षा सगळ्यांदेखत सुरू झाली. या वेळी मी अंगणात खुर्ची टाकली आणि वर बघितलं. सीनुआन, सगळं आभाळ भरलं होतं. लोकांना दिसतात तेवढे दिवे होतेच, वर आणखी तेवढेच, एकट्या माझ्यासाठी. चंद्रसुद्धा दोन. मान अवघडेपर्यंत बघत बसले. शेजारच्या खामपानने विचारलं, "आजी, रडता का?" मी म्हटलं, "मोजतेय." इतकी वर्षं फुकट घालवली गं मी.

दुसऱ्या दिवशी रुंगला फोन केला. हो, ओरडले. तिला विचारलं, "माझ्यासारखा मोडून बसलेला तळ तुमच्याकडे आहे का?" म्हणाली, "पुस्तकात चित्र आहे आजी, हाताखाली कधी आला नाही." मग मी म्हटलं, तर तो आला पाहिजे. तू सात हाडं शिकवशील, ती काय कुणाचीही शिकवतील. माझा धडा दुसऱ्या कोणाकडे नाही.

तेव्हा माझंही कार्ड मागव. घाई कोणालाच नाही. रुंग डॉक्टर व्हायची आहे, तिच्या लग्नात मला नाचायचं आहे, गुडघे असोत नसोत. आपल्यातली जी मागे राहील तिने फोन करायचा. मी करणार असले तर त्यांना आधी सांगून ठेव, ही बाई ओरडते.

कोष्टिणीला नेसणं रद्द करू नकोस म्हणून सांगितलं. दुसरं टाकलंय, त्याच काठाचं. दोघींना सारखं. आईने कधी आपल्याला सारखं घेतलं नाही, नेहमी माझं उतरून तुला यायचं.

तू लिहिलंस की तळ म्हणजे मी. मग डोळा कोण, ते लिहायचं राहिलं तुझ्याकडून. लिहू नकोस. मला ते चौथीनंतर नाव काढलं त्या दिवसापासून माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात ठेचा पाठवते. बरणीचं झाकण नवीन आहे.

चौथी पास,
तुझी ताई आणि होणाऱ्या मोठ्या बाई,
बुआचान