दोन सागवानी ठोकळे

बाबा, तुमची अँबॅसेडर मी पुन्हा चालू करते आहे. खरं तर भंगारात द्यायची म्हणूनच शेडमधून बाहेर काढली होती, पण उन्हात उभी राहिल्यावर ती मला देववेना. मग वाटलं, आईला एकदा हिच्यात बसवावं. आई आता ऐंशीच्या घरात आहे, गुडघे कुरकुरतात, म्हणजे जे करायचं ते लवकर करायला हवं होतं. अडचण एकच, तुम्ही गेल्यापासून ती शेडकडे फिरकलेलीसुद्धा नाही. गाडीचा विषय काढला की "मले नाई बसाचं तिच्यात" म्हणून उठून जाते. मी समजत होते की तिला तुमची आठवण येते आणि ती सोसत नाही. बसेल हळूहळू, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि कामाला लागले.

मदतीला आपल्या बस स्टँडमागचे मिस्त्री चाचा येतात. आता गॅरेज मुलांनी सांभाळलंय, म्हणून त्यांना वेळच वेळ आहे. मी शाळेतून रिटायर झालेली विज्ञानाची बाई, मलाही वेळच वेळ. त्यातून नको तिथं नाक खुपसायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्ही बॉनेट उघडलंत की मी मध्ये डोकं घालायची आणि तुम्ही म्हणायचा, उजेड अडवू नको. आता उजेड अडवायला कोणी नाही, सगळं स्वतःच्या हातानं उघडून बघते. मागच्या सीटमध्ये उंदरांनी मोहाच्या टोळी, म्हणजे बिया, साठवल्या होत्या. दाराच्या सांध्यांत कोळशाची काळी धूळ आणि पायाखालच्या मॅटखाली तुमच्या आरागिरणीचा भुसा. तो भुसा झाडून टाकताना मात्र हात थांबला. एवढ्या वर्षांनी त्याला वास नव्हता, तरी मी हुंगून पाहिला.

क्लच आणि ब्रेकचे पेडल सोडवून घासायला घेतले तेव्हा दोन्हींना आरपार दोन-दोन छिद्रं दिसली. चाचांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हे छेद कंपनीचे नाईत. कोनाचे तरी पाय पोचत नसतीन, म्हनून वरून काही बसवलं असन." मी म्हटलं, मग ॲक्सिलरेटरला का नाही? त्याला नुसता अंगठा लागला तरी पुरतो, हे दोन तळापर्यंत दाबावे लागतात, ते म्हणाले. पण पाय पोचत नसतील असं होतं कोण? तुम्ही दाराच्या चौकटीतून वाकून आत येणारे. ड्रायव्हर आपण कधी ठेवला नाही. दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. मग मागची चाकं काढायला गेलो, तर चाक सरकू नये म्हणून शेडमध्ये होते तेच बाहेरही खाली लावलेले लाकडाचे तुकडे मी हातात घेतले. सागवानी ठोकळे. कडा रंध्यानं गोल केलेल्या, वर सायकलच्या ट्यूबचं रबर बारीक खिळ्यांनी ठोकलेलं, आणि प्रत्येकात दोन छिद्रं. पेडलवर धरले, तंतोतंत बसले. एवढं नीट लाकूडकाम आपल्या घरात दुसरं कोण करणार? म्हणजे केले तुम्ही, आणि चाकाखाली घातलेही तुम्हीच.

त्याच सुमारास चाचांनी पुढच्या मडगार्डची पुट्टी खरवडली आणि खालचा जुना पोचा उघडा पडला. तो मला माहीत होता. लहानपणी मी सुट्टीत कुरखेड्याला मावशीकडे गेले होते, तुम्ही दोघं मला न्यायला येत होता आणि वाटेत रानडुक्कर आडवं आलं म्हणून गाडी येनाच्या झाडावर आदळली. मावशीच्या अंगणात तुम्ही उभे आहात, सगळ्यांना हसत हसत ती गोष्ट सांगता आहात, आणि आई आत चुलीपाशी जाऊन बसली आहे, एवढं मला आजही दिसतं. गिरणीतल्या लोकांनी वर्षभर तुमची टिंगल केली. लोक झाड गिरणीत आणतात, आमचा फोरमन गाडी घेऊन झाडाकडे जातो, असं म्हणायचे. तुम्हीही त्यांच्यात मिसळून हसायचा.

पोचा आणि ठोकळे एकत्र पाहिल्यावर मला राहवलं नाही. ठोकळे पदराखाली घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आई तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून मी ते तिच्यापुढे ठेवले आणि विचारलं, गाडी तू चालवत होतीस? तिनं ठोकळ्यावरच्या रबरावरून बोट फिरवलं. मग सगळं बाहेर आलं. रविवारी दुपारी मला शेजाऱ्यांकडे ठेवून तुम्ही दोघं लाकूड डेपोच्या रिकाम्या मैदानात जायचा, ते हे. डुक्कर आडवं आलं तेव्हा स्टेअरिंगवर ती होती. तिच्या नावाला बोल लागू नये म्हणून तुम्ही अंगावर घेतलंत.

मी म्हटलं, म्हणून घाबरलीस का तू गाडीला? तर ती भडकलीच.

"मले भेव नाई वाटलं. मी तं दुसऱ्या रविवारी जाचं म्हनून तयार होती. सकाळी उठून पायते तं त्याईनं ठोकळे काढून टाकले. मले इचारलं बी नाई."

मागितले का नाहीस, असं मी विचारलं. "मी काऊन मागू? त्याईनं काढले, त्याईनंच लावाचे होते." एवढं बोलून तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

बाबा, मला हे खरंच समजून घ्यायचं आहे. का काढलेत? तिला काही झालं असतं म्हणून, की लोकांना कळेल म्हणून? आणि विचारलं का नाहीत? एका घरात, एका ताटलीतल्या सुपारीला हात घालत तुम्ही दोघं एवढी वर्षं राहिलात. ती तुमच्या विचारण्याची वाट पाहत राहिली आणि तुम्ही कशाची, देव जाणे. मी मात्र तिचा राग दुःख समजत बसले. मला तुमचा राग आला आणि तुमच्या बाजूनं भांडावंसंही वाटलं, एकाच वेळी.

काल इंजिन लागलं. धूर सोडला, खोकलं, मग एका लयीत चालू झालं. ठोकळे मी आणि चाचांनी नवे बोल्ट घालून पेडलवर बसवले होते. मी आईला बोलावलं नाही, आवाज ऐकून ती आपणच बाहेर आली, आणि मी उघडलेलं शेजारचं दार सोडून वळसा घालून तुमच्या बाजूला गेली. बसली. पाठीमागे उशी मागितली. क्लच दाबला, गिअर टाकला, आणि गाडी अंगणात चार हात पुढे गेली, पेरूच्या झाडाच्या अलीकडे थांबली. चाचा टाळ्या वाजवत होते. आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. स्टेअरिंग तसंच धरून तिनं मला विचारलं, "कुठी होते हे ठोकळे?"

मी म्हटलं, बाबांच्या हत्यारांच्या पेटीत. फडक्यात बांधून ठेवले होते.

तिनं पायानं ठोकळा चाचपून पाहिला. मग म्हणाली, "होय का," आणि डोळे पुसले.

तर हे असं झालं आहे. हा कागद तिच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झाल्यावर चुलीत घालणार आहे. तुमच्या वतीनं मी तिच्याशी खोटं बोलले, बाबा, आणि तुमच्या मनापुरतं ते खोटं असेलच असंही मला वाटत नाही.